चलन

काल सकाळी पांढरा कागद बसवला होता यंत्रात,
आज काढला तर तव्याच्या पाठीचा रंग.
चिमट्यानं धरते, बोट लागू देत नाही,
बोटाचंही वजन भरतं.

हवेचं वजन करायची नोकरी आहे,
असं लग्नात सासरी सांगितलं
तेव्हा धाकटा दीर म्हणाला होता,
मग उद्यमनगरातली दोन किलो बांधून आणा वहिनी,
गिऱ्हाईक बघतो.
हसले सगळे. मीही.

आधी कोऱ्याचं वजन, मग काळ्याचं,
मधली वजाबाकी म्हणजे शहर.
गळीत सुरू झालं की ती वाढते,
दोरीवरच्या चादरी आधीच सांगतात,
काटा नंतर.

पलीकडच्या खोलीत चौगुले बसतात.
त्यांच्याकडे चलनं येतात, संमती शुल्काची,
गुलाबी, पिवळी, आता नुसते मोबाईलवरचे आकडे.
शुल्क धुरावर नाही, भांडवलावर.
जमीन किती, शेड किती, यंत्रं किती,
खाली सीएची सही.
धुराडं किती ओकतं
याला त्या कोष्टकात रकाना नाही.
माझा कागद त्यांच्या टेबलावर कधी जात नाही,
त्यांच्या टेबलावरून माझा पगार मात्र येतो,
दर महिन्याला, बिनचूक,
त्याला कसलाच वास नसतो.

मार्चच्या शेवटी शिरोलीचे मगदूम आले,
शामगोंडा मगदूम, कपोलावाले.
शर्टाच्या घडीत अजून ओतकामाची वाळू.
फाइल ठेवली, टोपी काढून फाइलीवर ठेवली.
"भट्टी बंद केली सायेब. पोरगं म्हणतंय, नको.
पाच वर्षांचं शुल्क एकदम भरलंय मी,
दोन वर्षं धूर सोडला,
तीन वर्षांचा सोडलेला नाही.
तेवढे पैसे परत द्या."

चौगुल्यांनी चष्मा पुसला. नियम वाचून दाखवला:
एकदा भरलेलं परत मिळत नाही.
"बरं. मग तीन वर्षांचा धूर
तुमच्याकडं जमा आहे म्हणायचा.
सांभाळून ठेवा. व्याज नको."

कुणी हसलं नाही.
शिपाई महादबा चहा घेऊन आला तो दारातच थांबला.
मगदूम माझ्या काचेच्या पेटीशी आले,
वाळत ठेवलेल्या कागदांकडे बघत राहिले.
"यातला माझा कुठला हो?"
सांगता आलं नाही.
कागदावर कुणाचं नाव उमटत नाही,
भट्टीचं, उसाच्या चिपाडाचं, रिक्षाचं,
सगळं एकाच काळ्यात.
तरी मी एकावर बोट दाखवलं.
का, कुणास ठाऊक.
ते "बराच आहे की" म्हणाले
आणि टोपी घालून गेले.

एप्रिलमध्ये यंत्राची मोटर घरघरू लागली.
कार्बनचे ब्रश झिजले होते, किंमत फार नाही.
वरून उत्तर आलं:
यंदा वसुली घटल्याने
खर्च पुढील तिमाहीत प्रस्तावित करावा.
खाली तीन सह्या.
गच्चीवर उभी राहून शिरोलीकडे पाहिलं,
पुलापलीकडे धुराड्यांची रांग,
त्यात एक कोरडं,
त्याच्या तोंडाशी घार बसलेली.

त्या आठवड्यात कागद थोडा हलका भरला.
दोनदा मोजला.
तिसऱ्यांदा मोजायला गेले आणि थांबले,
मोटरच धापा टाकतेय,
हवाच कमी ओढली असेल तिनं.
शहर सुधारलं की यंत्र थकलं,
अहवालात काय लिहू?

चौगुले निघताना डोकावले.
"काय, किती आलं आज?"
रोज असंच विचारतात,
ते माझ्या काट्याबद्दल विचारतात की त्यांच्या,
अजून नीट कळलेलं नाही.

दिवा बंद केला.
काट्यावर कोरा कागद तसाच राहिला होता.
त्याचंही वजन असतं.